घरात मोटार असताना

माझ्या सासरी मोटार होती. लग्न ठरलं तेव्हा हे वाक्य माझ्या माहेरी, पुण्यात, इतक्या वेळा उच्चारलं गेलं की मुलगा काय करतो हे विचारायचं कित्येकांच्या ध्यानातही राहिलं नाही. मुलगा बंगळुरात एका सरकारी कचेरीत होता. घराणं तीनशे वर्षांपूर्वी तिकडे जाऊन स्थिरावलेलं, मल्लेश्वरमला स्वतःचं दुमजली घर, आणि मोटार. आई शेजारणींना सांगे, आमची ही आता पायी कशाला चालतेय. तिचं म्हणणं खरं ठरलं. मी पायी फारशी चालले नाही आणि मोटारीतूनही फारशी फिरले नाही. मी घरात बसले.

पन्नास साल उलटून पाच-सहा वर्षं झाली होती. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत आणि सासूबाईंना अक्का. अण्णा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. देश सोडून निघालेल्या कुणा इंग्रजाकडून त्यांनी ही मोटार स्वस्तात घेतली होती. साहेब गेला आणि जाताना आपला हत्ती आमच्या दारात बांधून गेला. काळी, लहानशी, दोन्ही बाजूंना पायऱ्या असलेली गाडी. तिचा पेट्रोलचा काटा मी लग्न होऊन आले त्याच्या आधीच मेला होता, म्हणून टाकीत एक लाकडी पट्टी घालून ती कुठवर ओली होते ते बघायचं. ती पट्टी अण्णांच्या देवघराच्या कोनाड्यात असे. देवाच्या उपकरण्यांना जेवढं जपत नसत तेवढं ते पट्टीला जपत.

घराचा खालचा मजला भाड्याने दिलेला, आम्ही वर राहत असू. अंगणात पत्र्याची शेड, तिच्यात मोटार. त्यामुळे आमच्या बोलण्यात दिवसभर वर-खाली चालायचं. खाली कोण आलंय बघ, खाली भाजीवाली उभी आहे, अण्णा खाली गाडी पुसतायत. हे मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढे यातल्या 'खाली'वरून सगळे मला जन्मभर हसले.

त्या घराची मराठी ऐकून मी पहिले काही दिवस पाहुण्यासारखी गप्प असायची. 'थोडं' कुणी म्हणत नसे, स्वल्प म्हणत. 'बरं' नाही, सरी. रॉकेलला सीमेएण्णे. पुण्यात ज्याला आम्ही पंप म्हणायचो तो इथे पेट्रोलचा बंक. मी त्यांना हसले नाही. ते मात्र माझ्या प्रत्येक वाक्याला हसत, आणि माझ्या नवऱ्याला सांगत, तुझी बायको छापील बोलते. मी शिकत गेले. वर्षभरात मीही भाजीवालीशी स्वल्प-सरी करू लागले.

मग पेट्रोल महागलं. अण्णांनी वर्तमानपत्र पुढ्यात धरून आम्हाला समजावून सांगितलं की दूरच्या मुलखात एका कालव्यावरून भांडण लागलंय, जहाजं अडलीत, आणि आपल्याला तेल लांबच्या वाटेने आणावं लागणार. मला तेव्हा ते नीट कळलं नाही. एवढं कळलं की कोण कुठले लोक कालव्यावरून भांडले आणि आमच्याकडे अक्कांना दर सोमवारी देवळात न्यायला मोटार निघेनाशी झाली. काटकसर आली की ती आधी बायकांच्या वाट्याला येते, हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, पण तो मोडलेला मी अजून पाहिलेला नाही. अण्णांची रविवारी मित्रांना घेऊन कब्बन पार्कची फेरी चालूच राहिली. ती म्हणे गाडीच्या प्रकृतीसाठी होती. उभी गाडी गंजते. उभ्या बाईचं काय होतं ते कुणाला सुचलं नाही.

भाव आणखी चढल्यावर अण्णांनी उपाय सुरू केले. उतार आला की इंजिन बंद करायचं आणि गाडी नुसती घरंगळू द्यायची. एकदा अशी घरंगळताना ती एका दूधवाल्याच्या म्हशीपाशी जेमतेम थांबली. मग कुणीतरी त्यांच्या डोक्यात घातलं की पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळलं तरी इंजिन चालतं, सुरू करताना तेवढं शुद्ध पेट्रोल हवं. झालं. आमचा स्वयंपाकाचा स्टो बंद पडला. महिन्याचं रॉकेल आलं की अर्धं अण्णा खाली घेऊन जात, आणि अक्का आणि मी पुन्हा कोळशाच्या शेगडीपुढे फुंकणी घेऊन बसायचो. गाडीच्या मागून असा काळा धूर निघे की गल्लीतल्या बायका वाळत घातलेले कपडे ओढून घेत. धूर पुढे आम्हाला आणि मागे गल्लीला. मध्ये अण्णा, टोपी घालून, ताठ बसलेले.

माझ्या नवऱ्याला हे पटत नव्हतं. त्यांचं म्हणणं, मोटार विकावी, कचेरीला मी सायकलने जाईन, निम्मी कचेरी सायकलनेच येते. एके दिवशी जेवताना त्यांनी ते बोलून दाखवलं. अण्णा पानावरून उठले. त्यानंतर बापलेकांत पेट्रोलच्या विषयावर बोलणं बंद झालं. इतर सगळं बोलत, हवा, राजकारण, भावकीतली लग्नं. पेट्रोल, गाडी, बंक, या गोष्टी मात्र माझ्यामार्फत. त्याला सांग टाकीत अमुक इतकं आहे. अण्णांना सांग चाकात हवा भरून आणलीय. दोघं एकाच खोलीत असत, तरी निरोप माझ्या तोंडून जाई. अशा घरात सून म्हणजे टपालाची पेटी. मला त्याचा संताप येई, पण तेव्हा मी तो गिळत असे.

आता माझ्या हिंदीचं सांगते. बंगळुरातल्या शाळांत तेव्हा हिंदी नव्यानेच शिरली होती आणि शिकवायला माणसं मिळत नव्हती. आम्हा मराठी मुलींना देवनागरी जन्मापासूनची. माहेरी असताना हिंदीच्या दोन परीक्षा मी सहज म्हणून दिल्या होत्या. आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून मुलींची एक शाळा होती. तिथल्या मुख्याध्यापिका अक्कांच्या ओळखीच्या. हळदीकुंकवाला आल्या तेव्हा त्यांनी मला विचारलं, वरची परीक्षा दिली आहेस का? ती पास झालीस तर जूनपासून माझ्याकडे ये, जूनपर्यंत मी जागा कुणाला देत नाही. शाळा चालत जाण्याच्या अंतरावर होती. तिला मोटार लागत नव्हती, पेट्रोल लागत नव्हतं. मला वाटलं, देवाने नेमकी माझ्यासाठी ही शाळा इथे बांधली.

अण्णा नाही म्हणाले नाहीत, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. सून मास्तरीण होणार, तीही राष्ट्रभाषेची, हे त्यांना मिरवण्यासारखं वाटलं असावं. नवऱ्याचीही हरकत नव्हती. मी घासून अभ्यास केला. शेगडीवर आमटी उकळत असताना मी हिंदीतली लिंगं पाठ करी. मराठीत जी गोष्ट पुल्लिंगी ती हिंदीत स्त्रीलिंगी निघाली की मला खुदकन हसू येई, आणि अक्का विचारत, काय ग झालं? त्या काही महिन्यांत मी फार सुखात होते. हे असं उघड सांगायला संकोच वाटतो, पण होते. सकाळी जाग आल्याबरोबर काहीतरी चांगलं होणार आहे असं वाटायचं. पुढे तसं वाटल्याचं मला आठवत नाही.

परीक्षेचं केंद्र बसवनगुडीला आलं. शहराचं हे एक टोक तर ते दुसरं. पण मल्लेश्वरमहून बसवनगुडीला थेट बस होती, आमच्या गल्लीच्या तोंडाशीच थांबायची. मी अण्णांना म्हटलं, मी बसने जाईन, गाडीला त्रास नको.

अण्णा म्हणाले, "घरात मोटार असताना?"

एवढंच. पुढचं सगळं त्यात आलं. घरात मोटार असताना सून बसच्या दांडीला लोंबकळत गेली, तर लोक म्हणतील अण्णांकडे पेट्रोलला पैसे उरले नाहीत. आणि तेच तर खरं होतं. बडा घर, पोकळ वासा. अक्का लग्न होऊन आल्यापासून कधी बसमध्ये चढल्या नव्हत्या. आमच्या हाती पैसेही नसत, लागेल तेव्हा मागायचे. मोटारीत बसणाऱ्या बाईला पैसे कशाला लागतात.

पण अण्णांनी शब्द दिला. एक पेट्रोलचा लाल डबा होता, झाकण घट्ट बसणारा. तो त्यांनी बंकवरून भरून आणला, गोणपाटात गुंडाळून डिकीत ठेवला आणि मला बोलावून दाखवला. म्हणाले, हा तुझ्या परीक्षेचा, याला कुणी हात लावायचा नाही. मी वाकून नमस्कार केला. पेट्रोलच्या डब्यापुढे नमस्कार करणारी मी बहुधा त्या शहरातली एकटीच असेन.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी अण्णांचे एक मित्र आले. राजाजीनगरला तेव्हा नव्या वसाहती उठत होत्या, प्लॉट बघायला जायचं होतं. मित्राला बसने जाऊ असं अण्णा कसे म्हणणार? दोघं मोटारीतून गेले आणि दिवे लागायच्या आत परत आले. मी स्वयंपाकघरात उजळणी करत होते, मी विचारलंही नाही. मला वाटलं, टाकीतल्या मिश्रणावर जाऊन आले असतील.

सकाळी मी वेणीफणी करून, प्रवेशपत्र आणि पेन पिशवीत घालून तयार होते. नवरा खाली गाडी पुसायला जात होते. अण्णा पंचा नेसून न्हाणीघराच्या दारात उभे, माझ्याकडे न बघता म्हणाले, "डबा खाली आहे. त्याला सांग."

मी जिन्याच्या वरच्या पायरीवरून नवऱ्याला सांगितलं, "अहो, अण्णा म्हणतात डबा गाडीतच ठेवलाय."

मला सांगा, मी दुसरं काय सांगायला हवं होतं? मराठीत खाली म्हणजे खाली. आम्ही वर, गाडी खाली, डबा गाडीत. त्या घरात रिकाम्या भांड्याला मी रिकामं हाच शब्द ऐकला होता, अक्का तोच वापरत. खाली म्हणजे रिकामं, हे अण्णा बंकवरून घेऊन आले होते. तिथे कानडीत तसं म्हणतात, ते मला नंतर कळलं. वडिलांनी सरळ मुलाला हाक मारून सांगितलं असतं तर त्याला बरोब्बर कळलं असतं, तो त्यांच्याच भाषेत वाढलेला. पण पेट्रोलवर बोलणं बंद होतं ना. निरोप टपालपेटीत टाकायचा होता. आणि अण्णांना हेही माहीत होतं की तो डबा कुणासाठी भरला होता आणि कुणी रिकामा केला. म्हणूनच ते माझ्याकडे न बघता बोलले, असं मला नेहमी वाटत आलंय.

नवऱ्याने टाकीत पट्टी घातली, ती जेमतेम टोकाला ओली झाली. त्यांनी डिकी उघडली, गोणपाटात डबा होता. तेवढं बघून त्यांनी डिकी लावली. अण्णांचा नियमच होता, टाकीतलं मिश्रण पुरतं संपल्याशिवाय त्यात शुद्ध पेट्रोल ओतायचं नाही. आम्ही निघालो. हवा गार होती, संपिगे रोडवर फुलवाल्या बसल्या होत्या, आणि मी मनात निबंधाची सुरुवात घोळवत होते.

शेषाद्रिपुरमच्या पुढे चढणीवर गाडी दोनदा गुरगुरली आणि थांबली. नवरा हसत उतरले, म्हणाले, तुझा डबा कामाला आला. मागे गेले. मग काही आवाज नाही. मी काचेतून वळून पाहिलं तर ते डबा कानाशी धरून हलवत होते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. पुढे येऊन त्यांनी मला काय विचारलं ते सांगत नाही, कारण त्यातला एक शब्द बायकोला म्हणण्यासारखा नव्हता. मग म्हणाले, तू गाडीत बसून राहा, रस्त्यात उभी राहू नकोस, मी बंकवरून घेऊन येतो.

मी बसले. हातात घड्याळ नव्हतं. शाळेत जाणारी मुलं गेली, मग कचेऱ्यांचे सायकलवाले गेले. थव्याने गेले, धोतराला चिमटे लावून, घंट्या वाजवत. त्यांच्यापैकी एकाचंही घोडं कुठे अडलं नव्हतं. मी काळ्या मोटारीत राणीसारखी बसले होते, आणि येणारा-जाणारा आत डोकावून बघत होता.

मग बस आली. मल्लेश्वरमहून बसवनगुडीला जाणारी, तीच. चढणीवर तिचा वेग कमी झाला. मी दार उघडून उतरले आणि रस्त्यात जाऊन हात केला. अशी हिंमत माझ्यात कुठून आली देव जाणे. बस थांबली. मी मोडक्या कानडीत कंडक्टरला सांगितलं की माझी परीक्षा आहे, जवळ पैसे नाहीत, तिथे पोचल्यावर कुणाकडून तरी घेऊन देईन. तो माणूस माझ्याकडे, गाडीकडे, पुन्हा माझ्याकडे बघून म्हणाला, "सरी अक्का, हत्ति." म्हणजे चढा. मी पायरीवर पाय ठेवला.

आणि तेवढ्यात उताराकडून नवरा धावत येताना दिसले. डबा हातात उंच धरलेला, दुसऱ्या हाताने खूण करत होते, मिळालं, मिळालं. धापा टाकत त्यांनी हाक मारली, "अगं उतर, पेट्रोल आणलंय."

मी उतरले. कंडक्टरने शिट्टी दिली आणि बस गेली.

पेट्रोल टाकीत ओतलं. नवऱ्याने पुढून हँडल मारलं. गाडी खोकली आणि गप्प बसली. पुन्हा मारलं. पुन्हा तेच. इतके दिवस रॉकेल पाजून पाजून तिचे प्लग काजळीने भरले होते. त्यांनी कोट काढला, प्लग काढले, रुमालाने पुसले, काडीने खरवडले, परत बसवले. चांगलं शुद्ध पेट्रोल पोटात असून ती जनावरासारखी आडवी पडून होती. मी रस्त्याच्या कडेला उभी होते. आता गाडीत बस असं मला कुणी म्हणालं नाही. दुसरी बस केव्हा येईल ते मला ठाऊक नव्हतं, आणि ती आलीही नाही.

गाडी अखेर सुरू झाली. बसवनगुडीला पोचलो तेव्हा दारातला शिपाई बाकावर निवांत बसला होता. आतून पर्यवेक्षक आले. बिचारे भले होते, त्यांनी माझं प्रवेशपत्र दोनदा वाचलं. म्हणाले, पहिला पेपर अर्ध्याहून जास्त झालाय बाई, आता आत सोडता येत नाही. मी त्यांच्यापुढे रडले. रस्त्यात, शिपायापुढे, नवऱ्यापुढे. नवरा म्हणाले, पुढच्या खेपेला दे, त्यात काय एवढं. त्यांच्या हातांना काजळी लागली होती, आणि त्या क्षणी मला त्यांची दयाही आली नाही.

घरी आल्यावर अण्णांनी पहिल्यांदा विचारलं ते पेट्रोलचं, टाकीत आता कितपत आहे. मग सगळं उलगडलं. मी आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यांसमोर आवाज चढवला. म्हटलं, "तो डबा माझ्या परीक्षेचा होता. आणि मराठीत खाली म्हणजे खाली."

अण्णा क्षणभर गोंधळले. मग त्यांना सुटकेची वाट दिसली आणि ते हसायला लागले. अक्कांना हाक मारून म्हणाले, "ऐकलंस का, ही निघाली हिंदीची परीक्षा द्यायला, आणि हिला खाली कळत नाही."

हिंदीत खाली म्हणजे रिकामं, हे मला पहिल्या पुस्तकापासून ठाऊक होतं. अण्णा माझ्याशी हिंदीत बोलले असते तर मला कळलं असतं. ते मराठीत बोलले आणि मी मराठीत ऐकलं. हे मी त्या दिवशी सांगितलं, नंतरही पुष्कळदा सांगितलं. पण एकदा हशा पिकला की खुलाशाला कोण विचारतो? अक्का हसल्या. हळूहळू नवराही हसले. त्या दिवशी सकाळपासून त्यांच्या कपाळावर जी आठी होती ती हसल्यावर गेली, आणि बापलेक किती तरी दिवसांनी गाडीच्या विषयावर एकमेकांशी बोलले. माझ्या मूर्खपणाने त्यांचा अबोला सुटला असं अक्का कौतुकाने सांगत.

मुख्याध्यापिकांनी जूनपर्यंत वाट पाहिली आणि मग दुसरी बाई घेतली. त्यांचा काय दोष? पुढची परीक्षा सहा महिन्यांनी होती, पण तोवर मला दिवस गेले होते. नंतर मुलगा झाला, मग मुलगी. पुस्तकं माळ्यावर गेली. मी म्हणत राहिले, पुढच्या वर्षी. पेट्रोल वाढतच होतं. गॅलन जाऊन लिटर आले, आणे जाऊन नवे पैसे आले, आणि दर वेळी अण्णा म्हणत की या घोटाळ्यात बंकवाला आपल्याला बुडवतो.

ती गोष्ट मात्र वाढत गेली. घरात पाहुणा आला, लग्नकार्य निघालं, की कुणीतरी म्हणे, ती खालीची गंमत सांगा. नवरा रंगवून सांगत. डबा कानाशी धरून हलवण्याची नक्कल करत. सुरुवातीला त्या गोष्टीत मी परीक्षेला निघालेले असे. पुढे ते वाक्य लांबण लावतं म्हणून गळलं, आणि आम्ही 'बसवनगुडीला काही कामाला' निघालो. मी आतून ऐकत असे. एकदा मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, काम नव्हतं, माझी परीक्षा होती. एक पाहुणे म्हणाले, हो का, आणि गोष्ट पुढे चालू झाली. त्यानंतर मी तोंड उघडलं नाही.

मुलं शाळेत जायला लागली, आणि मग पासष्टच्या आगेमागे कधीतरी मोटार गेली. एकीकडे लढाईचे दिवस, धान्यालाच रांगा, आणि अण्णांच्या पेन्शनीत पेट्रोल बसेना. शेवटच्या वर्षी ती शेडमधून निघालीही नव्हती. भंगारवाला आला, चार माणसांनी ढकलत नेली. अण्णा वरून बघत होते. मला वाईट वाटलं नाही. मी कठड्याशी उभी राहून ती गल्लीच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत बघत होते, आणि मला बरं वाटत होतं, हे लपवत नाही.

दुसऱ्याच दिवशी अण्णा पेन्शन आणायला बसने गेले. परत आले ते खुशीत. बस थेट जाते, बसायला जागा मिळाली, कंडक्टर अदबीने बोलला. जेवताना म्हणाले, इतकी वर्षं उगाच त्या सैतानाच्या पोटात पैसा ओतला. अक्काही म्हणाल्या, आता सोमवारी मीही देवळाला बसने जाईन. एका रात्रीत घराण्याची अब्रू बसमध्ये बसायला तयार झाली. आणि ज्या अब्रूपायी मी एवढं गमावलं ती सोडताना कुणाचं साधं अडलंही नाही.

आठवड्याभराने एका दुपारी नवरा कचेरीतून लवकर आले. आम्ही वरच्या व्हरांड्यात बसलो होतो. मुलांची फी, वाण्याचा खर्च, असं काहीबाही बोलणं चाललं होतं. मग अगदी आपुलकीने, माझं भलं व्हावं अशा आवाजात, ते म्हणाले, "तुझं हिंदी चांगलं आहे. एखादी परीक्षा देऊन शाळेत का नाही लागत? बस तर आपल्या गल्लीच्या तोंडाशीच थांबते."

मला वाटलं ते चेष्टा करतायत. त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. चेष्टा नव्हती. हा विचार त्यांना आजच सुचला होता.

मी म्हणाले, "मी गेले होते परीक्षेला. तुम्हीच नेत होतात. शेषाद्रिपुरमच्या चढणीवर मी बसच्या पायरीवर चढले होते आणि तुम्ही मला उतर म्हणालात."

त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं. मनापासून पाहिलं, तेवढं श्रेय मी त्यांना देते. मग त्यांचा चेहरा उजळला.

"ते होय, खालीची गंमत. छे, परीक्षा कुठली, त्या दिवशी आपण लग्नाला निघालो होतो."

मी काही बोलण्याआधी आतून अक्कांचा आवाज आला. लग्न कुणाचं होतं तेही त्यांनी सांगितलं.